बिगरीच्या वर्गाची शिक्षिका

धारवाड हे शिक्षकांचे गाव आहे, असे म्हटले तर धारवाडकर त्याला हरकत घेणार नाहीत. मुंबई इलाख्याच्या काळापासून कानडी मुलखातील शाळांना शिक्षक पुरविण्याचे काम या गावाने केले. 1860च्या दशकात डेप्युटी चन्नबसप्पा यांनी येथल्या नॉर्मल स्कूलची सूत्रे हाती घेतली, तेव्हा या भागातल्या कित्येक सरकारी शाळांतून कानडी मुलांना मराठीच शिकवली जात असे. कानडी मुलाला कानडीतून शिकवावे आणि त्यासाठी आधी तसे शिक्षक घडवावेत, हा त्यांचा आग्रह होता. आणि तो सर्वस्वी न्याय्य होता. पुढे 1917 साली कर्नाटक कॉलेज निघाले. कविवर्य द. रा. बेंद्रे येथल्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक होते. मराठी वाचकांना ज्यांच्यामुळे धारवाड हे नाव जिव्हाळ्याचे झाले, ते जी. ए. कुलकर्णीही येथे कॉलेजात इंग्रजी शिकवीत. असा हा वारसा आहे.

परंतु या वारशात एका शिक्षिकेचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणारी, जुन्या शब्दांत सांगायचे तर बिगरीच्या वर्गाची शिक्षिका. शिक्षणाविषयी आपल्याकडे एक विलक्षण समजूत रूढ आहे. मूल जितके मोठे, तितका त्याचा शिक्षक अधिक शिकलेला हवा. आणि मूल जितके लहान, तितके त्याला शिकविणे सोपे. कॉलेजातल्या अध्यापकाला पदव्युत्तर पदवी लागते, हायस्कुलातल्या शिक्षकाला बी.एड. लागते, बालवाडीला मात्र गोड स्वभाव आणि दोन-चार गाणी पुरतात! वस्तुतः कॉलेजातला विद्यार्थी वाईट अध्यापकाच्या हाती सापडला, तर ग्रंथालयात जाऊन आपले नुकसान भरून काढू शकतो. चार वर्षांच्या मुलाला तशी कोठलीच वाट मोकळी नसते.

हुबळी-धारवाडात तर या मुलापुढे आणखी एक पेच असतो. जुन्या हुबळीतल्या एखाद्या गल्लीत तासभर उभे राहिले, तरी तो कानांनी समजतो. एका दारातून कानडी ऐकू येते, दुसऱ्यातून मराठी, तिसऱ्यातून दखनी उर्दू, आणि सावजी कुटुंबाच्या ओसरीवर या तिन्हींहून निराळी अशी त्यांची स्वतःची बोली. मोठी माणसे बाजारात, रेल्वेच्या कारखान्यात, कचेरीत या भाषांतून लीलया ये-जा करतात. मूल मात्र पहिल्या दिवशी अंगणवाडीच्या उंबरठ्यावर एकच भाषा घेऊन येते. त्याला ‘पाणी’ हवे असते, आणि समोर ‘नीरु’ असते. शिक्षिका प्रेमाने ‘बा, कुंद्रु’ म्हणते, म्हणजे ‘ये, बस’. मराठी घरातले मूल त्यातला ‘बा’ तेवढा ओळखते आणि कोणाचे वडील आले म्हणून दाराकडे पाहते. या प्रसंगाला हसू येईल, पण त्याचा पुढचा भाग हसण्यासारखा नाही. घरी आजीशी अखंड बडबडणारे हे मूल वर्गात आठवडेच्या आठवडे मुके होऊन बसते. ज्या शिक्षिकेला मुलाच्या मौनाचा अर्थ लावायला कोणी शिकविलेले नाही, तिला ते मूल मंद वाटते. ‘मंद’ हा शिक्का एकदा बसला, की तो पुसायला पुढची दहा वर्षे कमी पडतात. दीडशे वर्षांपूर्वी कानडी मुलांच्या वाट्याला जे येत होते, तेच आज त्याच गावात मराठी मुलाच्या वाट्याला यावे, यात कानडी शिक्षिकेचा दोष नाही. तिला या मुलासाठी कोणी तयार केले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा पेच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला एक मराठी भाषिक समाज आहे. तो म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने कुलाबा जिल्ह्यात ओळखले जाणारे हे यहुदी लोक. केहिमकर, अष्टमकर, गलसूरकर ही त्यांची आडनावे वाचून त्यांचा धर्म ओळखता येणार नाही. घरची भाषा मराठी, स्वयंपाकघर कोकणी, आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. त्यातून मुंबईत आल्यावर पोटापाण्याची भाषा म्हणून इंग्रजी पुढे उभी राहिली. या तीन भाषांच्या सांध्यावर त्यांचे मूल वाढत होते.

त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न मुलांचा नव्हताच. तो शिक्षकांचा होता. हिब्रू शिकवावी, पण कोणी? समाजात ती जाणणारे फार थोडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून यहुदी शिक्षक कोकणात आणि मुंबईत आले. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा त्यातला हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला, हेही तितकेच उघड आहे. 1846 साली मुंबईत वल्हांडणाच्या सणाची हग्गादा ही पोथी मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापली गेली. 1874 साली पुण्यात आणखी एक निघाली. आणि 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बेने इस्राएल मुलांची स्वतंत्र शाळा सुरू झाली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तीन भाषा तेथे शिकविल्या जात.

या हग्गादेच्या पोथीविषयी जरा सविस्तर सांगायला हवे, कारण बालशिक्षणाचा एक मोठा विचार तिच्यात दडलेला आहे. मिसर देशाच्या दास्यातून सुटका झाल्याची कथा वल्हांडणाच्या रात्री घरोघर सांगितली जाते. ती सांगायला सुरुवात केव्हा होते? घरातले सर्वांत लहान मूल प्रश्न विचारते तेव्हा. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे मुलाने विचारावे, म्हणून त्या रात्रीच्या ताटात मुद्दाम चमत्कारिक पदार्थ मांडलेले असतात: कडू पाला, बिनखमिराची भाकर, खारे पाणी. आधी कुतूहल, मग प्रश्न, मग गोष्ट, हा क्रम. पुढे त्या पोथीत चार प्रकारची मुले येतात. एक शहाणे, एक उद्धट, एक भोळे, आणि चौथे ते, ज्याला प्रश्न कसा विचारावा हेच ठाऊक नाही. पहिल्या तिघांना त्यांच्या प्रश्नाप्रमाणे उत्तर द्यायचे असते. चौथ्याच्या बाबतीत मात्र मोठ्या माणसाने थांबून राहायचे नाही. त्याने स्वतः होऊन मुलासाठी बोलण्याचे दार उघडायचे असते.

हुबळीच्या अंगणवाडीत कोपऱ्यात मुके बसलेले मराठी मूल हे ते चौथे मूल आहे. ते प्रश्न विचारीत नाही, कारण प्रश्नाची भाषा त्याच्याजवळ नाही. शिक्षिकेच्या प्रशिक्षणात नेमकी ही गोष्ट यायला हवी, आणि नेमकी हीच येत नाही. वर्णमाला कशी शिकवावी, वजन कसे नोंदवावे, हे तिला सांगितले जाते. न बोलणाऱ्या मुलाकडून काय ऐकावे, हे कोण सांगणार?

लहान मुलांच्या शिक्षकाविषयी यहुदी परंपरेने फार पूर्वी काटेकोर विचार केला होता. तालमूद या ग्रंथात अशी नोंद आहे, की इसवी सनाच्या पहिल्या शतकात यहोशुआ बेन गमला या मुख्य याजकाने गावोगाव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्याकडे पाठविण्याचा दंडक घातला. त्याच ठिकाणी एका शिक्षकाकडे किती मुले असावीत, याचाही हिशेब आहे. पंचवीस मुलांना एक शिक्षक; चाळीस झाली तर त्याला एक मदतनीस, आणि तोही गावाच्या खर्चाने; पन्नास झाली तर दोन शिक्षक. आपला शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि त्यात प्राथमिक शाळेसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षकांचे प्रमाण आले, हे पाहता तो जुना हिशेब फारसा मागासलेला म्हणता येत नाही. शिवाय आपला कायदा सहा वर्षांपासून पुढच्या मुलांचा. त्याहून लहान मुलांसाठी सरकारने आवश्यक ती व्यवस्था करावी एवढी शिफारस करून तो पुढे जातो.

तालमुदात याच प्रसंगी एक वादही आहे. भरभर पुष्कळ शिकविणारा पण चुका करणारा शिक्षक बरा, की हळू शिकविणारा पण चूक न करणारा? एक पंडित म्हणतो, पहिला बरा. चुका पुढे आपोआप सुधारतात. दुसरा म्हणतो, नाही. लहानपणी मनात शिरलेली चूक कायमची घर करते. लहान मुलांच्या बाबतीत या दुसऱ्याचेच म्हणणे खरे आहे. पाचव्या वर्षी पक्के बसलेले ‘मला येत नाही’ हे वाक्य पुढे कोणत्याही शिकवणीने जात नाही.

केहिमकरांच्या शाळेला पुढे जी मुख्याध्यापिका लाभली, ती या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. रिबेका रूबेन यांनी 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. ज्या काळी मुलीने मॅट्रिकला बसणे हीच बातमी होत असे, त्या काळातली ही गोष्ट. पुढे त्यांनी इंग्लंडात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे त्या शाळेची धुरा वाहिली. एवढी बुद्धिमत्ता असलेल्या बाईने शाळाच का निवडली, असे विचारणारे लोक तेव्हाही असतील. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 1948 साली इस्राएल राष्ट्र निर्माण झाल्यावर समाजातली बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली, आणि शाळेच्या पटावर इतर धर्मांच्या मुलांची संख्या वाढली.

तिकडे गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत पेच उलटा झाला. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत राहिलेल्या बेने इस्राएल आईची मराठी घरात राहिली, आणि मूल हिब्रू बालशाळेत गेले. या बालशाळेचा इतिहासही मोठा शिकण्याजोगा आहे. पहिली हिब्रू बालशाळा 1898 साली रिशोन लेझियन येथे निघाली. त्या वेळी हिब्रू ही जवळजवळ कोणाचीच घरातली भाषा नव्हती. ती प्रार्थनेची आणि पोथीची भाषा होती. चेंडू, बाहुली, झोका यांना काय म्हणावे, हेच प्रथम ठरवावे लागले. मुलांना शिकविण्यापूर्वी शिक्षिकेलाच बोबडे बोलण्याची भाषा शिकावी लागली, असे म्हणायला हरकत नाही. 1949 च्या कायद्याने पाच वर्षांपासूनचे शिक्षण तेथे सक्तीचे आणि मोफत झाले. बालशाळेतून मुलांनी ती भाषा घरी नेली, आणि बऱ्याच घरांतून मुलेच आईची शिक्षिका बनली.

हे यश मोठे आहे. परंतु त्याची किंमतही विसरता येत नाही. ज्या बालशाळांनी एक भाषा जिवंत केली, त्याच बालशाळांच्या दारात यिद्दिश, अरबी आणि मराठी या घरच्या भाषा चपलांसारख्या बाहेर काढून ठेवाव्या लागल्या. नातवाला आजीची मराठी कळेनाशी झाली. त्या काळच्या शिक्षिकांना याची जाण दिली गेली असती, तर हिब्रू आली नसती असे नाही; दोन्ही भाषा नांदल्या असत्या. धारवाडात याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जाई, आणि कानडी कवितेला त्यांनी जे दिले त्यासाठी 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. घरची भाषा सांभाळली म्हणून बाहेरची दुबळी होत नाही.

शिक्षिकेला तयार कसे करावे, याचे उत्तर वॉर्सात एका यहुदी डॉक्टराने दिले होते. यानुश कोर्चाक हे त्यांचे लेखनातले नाव. क्रोखमाल्ना रस्त्यावर 1912 पासून ते यहुदी अनाथ मुलांचे घर चालवीत. शिक्षक होऊ पाहणारे तरुण-तरुणी तेथे मुलांबरोबर राहत. जेवणाच्या आणि निवाऱ्याच्या मोबदल्यात ठरावीक तास काम करीत. त्यांना व्याख्याने थोडी असत. त्यांनी एक वही ठेवायची: आज कोणते मूल का रडले, कोण कोणाशेजारी बसले, आपण कोठे रागावलो आणि का. कोर्चाक आणि त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का त्या वह्या वाचून समासात आपले म्हणणे लिहीत. एकदा विद्यार्थी-शिक्षकांपुढे व्याख्यान द्यायचे असता कोर्चाक यांनी एका लहान मुलाला बरोबर नेले, क्ष-किरणांच्या पडद्यामागे उभे केले आणि घाबरून धडधडणारे त्याचे हृदय सर्वांना दाखविले. मुलावर रागावण्यापूर्वी हे आठवा, एवढाच त्या दिवशीचा पाठ.

नात्झींच्या काळात हे अनाथगृह वॉर्साच्या यहुदी कोंडवाड्यात हलवावे लागले. तेथे 18 जुलै 1942 रोजी कोर्चाक यांच्या मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा. पुढच्या महिन्याच्या आरंभी सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाक यांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतःपुरती सुटका करून घेण्याचे मार्ग त्यांच्यापुढे होते. त्यांनी ते नाकारले.

वहीचे शिक्षण आपल्याकडे नव्हते असे नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. दादरच्या शिशुविहारात बालशाळेबरोबरच शिक्षिकांचे अध्यापन मंदिरही चालले. पुढे 1945 साली बोर्डीला, आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रूढ झाली. मुले बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी. मॉन्टेसोरीबाईंची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती; गारगोट्या, पाने, बिया आणि शिंपले यांनी ते काम केले. मुले वारली बोलत. त्या मुलांना शिकविण्यासाठी शिक्षिकांना आधी त्यांचे शब्द शिकावे लागले.

सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. कर्नाटकात पहिला प्रकल्प टी. नरसीपूरला झाला. शब्द गेला, पण त्याबरोबर ताराबाईंची अध्यापनदृष्टी तितकी गेली नाही. सेविकेच्या माथी सहा सेवा आल्या: आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, मातांचे शिक्षण, आणि या सर्वांतून वेळ उरला तर मुलांचे शिक्षण. सेविकेसाठी 26 दिवसांचे आणि मदतनिसासाठी 8 दिवसांचे प्रशिक्षण अनेक वर्षे ठरलेले होते. अलीकडे, मे 2023 मध्ये, केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम काढून तीन दिवसांची शिबिरे सुरू केली. 2024 साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आला. कर्नाटकच्या अंगणवाड्यांत ‘चिलिपिली’ हे उपक्रमांचे पुस्तक त्यापूर्वीपासून आहे. कागदावर सामग्री अपुरी नाही.

उणीव आहे ती पुढच्या वर्षभराची. तीन दिवस सभागृहात बसून ऐकलेले चौथ्या दिवशी वर्गात कसे उतरते, हे पाहायला कोणी जात नाही. जे कोणी जाते, ते नोंदवह्या आणि मोबाइलवरच्या नोंदी तपासून परत येते. सेविकेची चूक झाली तर तिला नोटीस मिळते. तिने एखाद्या मुक्या मुलाला बोलते केले, तर ते कोणत्याच रकान्यात बसत नाही.

हुबळी-धारवाडपुरते बोलायचे, तर येथे या कामाला लागणारी माणसे जवळच आहेत. धारवाडच्या कृषी विद्यापीठात बालविकासाचे शिक्षण दिले जाते, शिक्षकांच्या शिक्षणाच्या संस्था आहेत, मराठी आणि कानडी दोन्ही जाणणाऱ्या निवृत्त शिक्षिका तर गल्लोगल्ली आहेत. यहुदी पाठशाळांत अभ्यासाची एक जुनी रीत आहे. दोघांनी जोडीने बसायचे, एकच उतारा मोठ्याने वाचायचा, आणि एकाने दुसऱ्याला अडवून विचारायचे. त्या रीतीला हवरुता म्हणतात. दोन अंगणवाड्यांच्या सेविकांची अशी जोडी बांधता येईल. एक कानडी घरातली, एक मराठी किंवा उर्दू घरातली. महिन्यातून एकदा एकीने दुसरीच्या वर्गात सकाळभर बसायचे, शिकवायचे काही नाही, एकाच मुलाकडे पाहायचे आणि वहीत लिहायचे. दुपारी मुले गेल्यावर अर्धा तास दोघींनी त्या वहीवर बोलायचे.

मदतनिसाचाही येथे मोठा उपयोग आहे. ती बहुधा त्याच गल्लीतली असते. सेविकेला जी भाषा येत नाही, ती मदतनिसाला पुष्कळदा येते. पण तिच्याकडे चूल, भांडी आणि झाडलोट एवढेच सोपविलेले असते. पहिले पंधरा दिवस तिने नव्या मुलाशेजारी बसून त्याच्याच बोलीत त्याला ‘नीरु म्हणजे पाणी’ एवढे सांगितले, आणि सेविकेने तिच्याकडून ‘पाणी’, ‘भूक’, ‘आई कुठाय’ असे वीस-पंचवीस मराठी शब्द उतरून घेतले, तरी उंबरठा ठेंगणा होईल. त्यासाठी भांडी घासायला त्या पंधरा दिवसांपुरती दुसरी बाई लागेल, आणि तिच्या मजुरीचा प्रश्न निघेल. तालमुदातल्या त्या गावाने मदतनिसाचा खर्च आपल्या अंगावर घेतला होता. हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल, इतकी ती लहान असेल.